राक्षसाचा खालचा जबडा

राक्षस काढायला सांगितला की मुलं आधी शिंगं काढतात. मग दात, नखं, अंगभर काटे, शेपूट, शेपटीच्या टोकाला पुन्हा काटे. जागा उरली तर पंख. पंधरा मिनिटांत कागद भरून जातो आणि भीती म्हणून कुठं वाटत नाही. रविवारी सकाळी माझ्याकडे चित्रकलेला येणाऱ्या पोरांचं दर वर्षी हेच होतं, आणि चाळिशीनंतर हौसेनं पेन्सिल हातात धरणाऱ्यांचंही. एकदा एकानं शेजारच्याच्या कागदात डोकावून तिथल्या तिथं निकाल दिला, "ह्यो कुठला राक्षस? ह्यो तर आमचा चुलता, वरातीत नाचणारा!" वर्ग हसला. ज्याचं चित्र होतं तोही हसला, कारण निकाल बरोबर होता. अंगावर सापडेल ते चढवलेला माणूस वरातीतलाच दिसतो.

मराठीत आपण चित्र ‘काढतो’ आणि पायात रुतलेला काटाही ‘काढतो’. तेच क्रियापद एकदा कागदावर काहीतरी आणतं आणि एकदा अंगातून काहीतरी बाहेर घेतं. राक्षसाच्या बाबतीत मी दुसरं काढणं आधी शिकवतो. हे शहाणपण माझं नाही, देवळाच्या दगडातलं आहे.

खिद्रापूरला जाऊन या. कोल्हापुरापासून साठेक किलोमीटरवर, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी कोपेश्वराचं शिलाहारकालीन मंदिर आहे. तिथं गेलेले लोक स्वर्गमंडपात उभे राहून वरच्या गोल उघड्या आकाशाचा फोटो घेतात. तुम्हीही घ्या, ४८ खांबांचा तो मंडप आहेच तसा. पण नंतर मान खाली आणा आणि खांबांवर, कोनाड्यांच्या माथ्यावर, उंबऱ्याजवळ कीर्तिमुख शोधा. इतकं लांब जायला जमत नसेल तर कुठलंही जुनं दगडी देऊळ चालेल. सोबत एक वही आणि एक पेन्सिल, एवढंच. सापडलं की समोर बसा आणि फोटो न घेता ते वहीत उतरवा.

उतरवताना हात कुठं अडखळतो बघा. डोळे खोबणीतून बाहेर आलेले, ते जमतात. भुवया वळत वळत शिंगांना जाऊन मिळतात, तेही जमतं. फुगलेले गाल, चपटं नाक, वरच्या दातांची ओळ. आणि त्याखाली हात थांबतो, कारण त्याखाली काही नाही. खालचा जबडाच नाही. तोंडातून मोत्यांच्या माळा ओघळतात, कुठं वेल निघते. पण हनुवटी, गळा, धड, काही नाही. बहुतेक मुलं सवयीनं तिथं हनुवटी काढून मोकळी होतात आणि मग वर बघून खोडतात. माझ्या मते तो खोडण्याचा क्षण म्हणजे राक्षस काढण्याचा पहिला धडा.

गोष्ट ठाऊक असेल तर जबडा का नाही ते कळतं. जालंधरानं राहूला दूत म्हणून शंकराकडे धाडलं, तेही पार्वतीची मागणी घालायला. संतापलेल्या शंकराच्या भुवयांमधून एक भुकेलं भूत उसळलं आणि राहूवर धावलं. राहू शरण आला, त्याला अभय मिळालं. आता त्या भुतानं खायचं काय? स्वतःलाच खा, असं शंकर म्हणाला. त्यानं शेपटीपासून सुरुवात केली. पाय, पोट, छाती करत करत गळ्यापर्यंत आलं. उरलं नुसतं तोंड. शंकर खूश झाला, त्याला कीर्तिमुख नाव दिलं आणि आपल्या दारावर बसवलं. शिल्पकारानं ही अख्खी गोष्ट एका न घडवलेल्या जबड्यात सांगितली आहे. बघणाऱ्याला नीट सांगता येत नाही, पण आत काहीतरी बिनसलंय एवढं जाणवतं.

आपल्या गोष्टींतले नाणावलेले राक्षस आठवून बघा, असे उणे झालेले कितीतरी सापडतील. राहूला डोकं आहे, धड नाही. केतूला धड आहे, डोकं नाही. रामायणातल्या कबंधाला मुंडकंच नाही, तोंड पोटावर, आणि हात एक एक योजन लांब. म्हणजे डोकं काढून घेतलं आणि त्याची भरपाई हातांनी केली. हे फार चतुर काम आहे: एक वजा करायचं आणि त्या वजाबाकीमुळं दुसरं काहीतरी वाढवायचं.

तर पहिला स्वाध्याय असा घ्या. कुठलाही माहीत असलेला प्राणी साधा, बेताचा काढा. मांजर घ्या, कोंबडा घ्या, कुत्रा घ्या. मग त्याच्यातलं एकच काहीतरी काढून टाका. डोळे नाहीत. किंवा पुढचे पाय नाहीत. किंवा तोंड नाही. आता विचार करा, हा जगतो कसा? तोंड नसलेल्या मांजराच्या मिशा किती लांब होतील? डोळे नसलेल्या कोंबड्याचा तुरा कशाचं काम करायला लागेल? उत्तर सापडलं की राक्षस सापडला. अंगावर काटे लावायची गरज पडत नाही.

दुसरा प्रश्न भुकेचा. चित्र सुरू करण्याआधी मी विचारतो, "हा खातो काय?" "माणसं" हे उत्तर चालत नाही, ते सगळेच देतात. २०१८ साली आलेला ‘तुंबाड’ अनेकांनी पाहिला असेल. त्यातल्या हस्तरला सोनं मिळालेलं असतं, पण धान्याला तो मुकलेला असतो. म्हणून पिठाची बाहुली दिसली की तो झेपावतो. त्याचं सगळं अंग, त्याची धाव, त्याची नजर त्या एका भुकेतून आली आहे. आपल्याकडे कोल्हापुरात काय आहे? ऊस. ऊस खाणारा राक्षस काढायचा ठरवला तर सुळे नकोत, सुळ्यांचा उपयोगच नाही. त्याला लागतील गुऱ्हाळातल्या घाण्यासारखे एकमेकांवर फिरणारे रूळ. मग गाल दोन्ही बाजूंना रुंद होतील, मान जाड होईल, डोळे वर सरकतील. तोंडाच्या एका कोपऱ्यातून रस गळेल, दुसऱ्यातून चिपाडं पडतील. मी हे फळ्यावर एकदा काढलं तेव्हा शिरोळकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, चिपाड ओलं नसतंय, कोरडं करा." त्याच्या घरी गुऱ्हाळ होतं. मी कोरडं केलं, आणि राक्षस एकदम खरा वाटायला लागला.

खोटं काढायचं असेल तर सोबत भरपूर खरं लागतं. लिओनार्दो दा विंचीनं आपल्या टिपणांत काल्पनिक प्राणी कसा रचावा ते लिहून ठेवलंय: डोकं मोठ्या शिकारी कुत्र्याचं घ्यावं, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, नाक ग्रेहाउंडचं, भुवई सिंहाची, मान कासवाची. प्रत्येक तुकडा कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलेला. तरुणपणी एका ढालीवर अक्राळविक्राळ प्राणी रंगवायचा म्हणून त्यानं खोलीत सरडे, नाकतोडे, वटवाघळं आणून ठेवली आणि ती कुजून वास सुटला तरी त्याचं लक्ष नव्हतं, अशी हकिकत त्याचा चरित्रकार वसारीनं दिली आहे. आपल्याला घर कुजवायचं कारण नाही. कोल्हापुरातल्या न्यू पॅलेसच्या छत्रपती शाहू संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ, अस्वलं आहेत. जिवंत वाघ पंजा दाखवत बसत नाही, तिथला दाखवतो. पंज्याची बोटं पुढं कशी झुकतात, अस्वलाचं नख किती लांब असतं, हे एकदा नजरेत भरलं की राक्षसाच्या हाताला केळीचे फणे चिकटवणं बंद होतं.

त्याहून सोपी शाळा म्हणजे म्हैस. महिषासुर काढायचा असेल तर मोबाईलमध्ये चित्र शोधत बसू नका, संध्याकाळी गंगावेशीत जा. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि लोक पेल्यानं धारोष्ण दूध पितात. एक पेला घ्या, बाजूला उभे राहा आणि शिंग उगवतं कुठून एवढंच बघा. मुलं शिंगं टोपीसारखी डोक्याच्या वर लावतात. म्हशीचं शिंग कवटीच्या बाजूनं निघतं, कान त्याच्या खाली लोंबतो. बुडाशी ते गोल नसतं, चपटं असतं, आणि त्यावर आडव्या वळ्या असतात. टोकाकडे या वळ्या विरत जाऊन शिंग गुळगुळीत होतं. या वळ्या नुसत्या टोपलीच्या विणीसारख्या समांतर काढल्या तर शिंग सपाट दिसतं. शिंगाच्या गोलाईबरोबर त्या वाकवल्या तरच ते कागदातून पुढं येतं.

जातींतला फरकही चित्राच्या कामाचा आहे. मुऱ्हा म्हशीचं शिंग जिलबीसारखं घट्ट वळलेलं. जाफराबादीचं कपाळ मोठं, फुगीर आणि शिंगं खाली लोंबणारी, त्यामुळं ती कायम झोपेतून उठल्यासारखी दिसते. आणि आपली पंढरपुरी म्हैस: शिंगं मागं जातात आणि खांद्यापर्यंत, कधी त्याच्याही पलीकडे पोचतात. आता ठरवा, तुमचा महिषासुर कसल्या स्वभावाचा? मुऱ्हा शिंगांचा महिषासुर गल्लीतल्या पैलवानासारखा गच्च, आखूड मानेचा होईल. पंढरपुरी शिंगांचा असेल तर त्यानं मान वर केली की शिंगं पाठीला समांतर जातील, आणि मान खाली घातली की दोन तलवारी उपसल्यासारखी वर येतील. एकाच प्राण्यात दोन चित्रं मिळाली. मी पंढरपुरीच्या बाजूचा आहे, यात घरचा अभिमान किती आणि कला किती ते विचारू नका. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात, तेव्हा तर रंगवलेल्या शिंगांचं प्रदर्शनच भरतं. त्या दिवशी वही नेली नाही तर वर्षभर हळहळ.

दोन प्राणी जोडून केलेले राक्षस वजाबाकीच्या नियमात बसत नाहीत, हे खरं. व्याल आहेत, दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे, गडांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ आहे. रायगडाच्या महादरवाजावरही तो आहे. अशा चित्रात सगळी परीक्षा सांध्यावर होते. सिंहाचं धड आणि पक्ष्याची मान एकत्र आणली तर आयाळ कुठं संपते आणि पिसं कुठं सुरू होतात? तिथं एक रेघ मारून दोन बाजू वेगळ्या केल्या तर ते गोधडीला लावलेलं ठिगळ दिसतं. चार बोटं जागा अशी सोडावी जिथं केस आहेत की पिसं, हे बघणाऱ्याला ठरवता येऊ नये. शरभाकडून मात्र आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. अनेक गडांवर त्याच्या पंजात, शेपटीत हत्ती पकडलेले दिसतात, आणि ते हत्ती मांजराच्या पिल्लाएवढे असतात. शरभ स्वतः दगडात हात-दीड हात असतो. तरी तो डोंगराएवढा वाटतो, कारण हत्ती केवढा असतो ते आपल्याला माहीत आहे. तुमच्या कागदावर राक्षस मोठा दाखवायचा असेल तर तो मोठा काढून उपयोग नाही, त्याच्याशेजारी काहीतरी ओळखीचं लहान काढा. पायाशी एक एसटी पुरते. तिला रंगही द्यायला नको.

आता टेबलावर बसूया. कागद कार्ट्रिज, पाव इम्पिरियल, म्हणजे साधारण ११ बाय १५ इंच. घरात कुणी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलं असेल तर चार-दोन कागद पडलेले असतातच. कच्च्या कामाला एचबी पेन्सिल, गडद जागांना २बी. काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, टाक आणि दोन निबा, शून्य आणि तीन नंबरचे गोल ब्रश. बाकी सगळी दुकानदाराची हौस आहे.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर शाईचं काम करणाऱ्यानं कागदाकडे लक्ष ठेवावं. पंचगंगेला पाणी चढलं की कपाटातला कागदही ओलसर होतो, आणि ओलसर कागदावर शाई फुटते. सुरेख मारलेल्या रेघेला सुरवंटासारखे केस येतात. आदल्या रात्री कागद वर्तमानपत्रांच्या घडीत घालून वर जड पुस्तकं ठेवावीत आणि सकाळी कोपऱ्यात एक रेघ मारून बघावी. फुटली तर त्या दिवशी पेन्सिलचंच काम करावं. शाईशी भांडून कुणी जिंकलेलं मी पाहिलं नाही.

मोठ्या कागदावर थेट सुरू करू नका. रद्दी कागदावर काडेपेटीएवढे आठ-दहा चौकोन आखा आणि प्रत्येकात राक्षसाची नुसती काळी सावली भरा. आत डोळे, दात, खवले काही नाही. ही सावली बघून घरातल्या कुणाला तरी विचारा, हा काय करतोय? "दबा धरून बसलाय", "लंगडतोय", "रडतोय" असं काही उत्तर आलं तर सावली चांगली. "झाड आहे का?" असं विचारलं तर पुढच्या चौकोनात जा. तासभर खर्चून इथं जे मिळतं ते नंतर दोन दिवस छटा भरून मिळत नाही.

निवडलेली सावली मोठी करून पेन्सिलनं मांडा. आधी पाठीचा कणा, एकच रेघ. मग वजन कुठल्या पायावर आहे ते ठरवा. राक्षस हवेत तरंगतो तो बहुतेकदा इथंच, कारण चारही पायांवर सारखं वजन दिलेलं असतं. म्हैस निवांत उभी असताना बघा, एक मागचा पाय ती अनेकदा सैल सोडते.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्तीची डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी होते, आणि ती सगळ्यांत जाणत्या हातानं होते. राक्षसाच्या बाबतीत मी उलट करतो. डोळा आधी. नजर कुठं आहे ते ठरलं की मान तिकडे वळते, खांदा तिच्यामागं जातो, शेपूट तोल सांभाळायला उलट बाजूला येते. बुबुळ डोळ्याच्या बरोबर मधे काढू नका, तसा डोळा कुणाकडेच बघत नाही. ते वरच्या पापणीखाली थोडं दडलेलं असावं. आणि त्यातला चमकणारा ठिपका नंतर पांढऱ्या रंगानं लावण्यापेक्षा कागदाचाच पांढरा सोडा. शाई चढवताना तेवढी जागा चुकवायची.

शाईची बाहेरची रेघ एकाच जाडीची असेल तर राक्षस तारेचा बनवल्यासारखा दिसतो. जिथं वजन आहे, पोटाखाली, पंज्याच्या बुडाशी, तिथं निब दाबा. जिथं उजेड पडतो तिथं रेघ बारीक करा किंवा सरळ तोडा. तुटलेली रेघ बघणाऱ्याचा डोळा स्वतः जोडून घेतो, आणि जोडण्याच्या कामात तो चित्रात अडकतो. छटेच्या रेघा अंगाच्या गोलाईबरोबर फिरल्या पाहिजेत. खवले सगळे काढू नका. वळणापाशी दहा-बारा नीट काढले की उरलेले लोक मनानं भरतात.

एकदा एका दिवाळी अंकासाठी मी एक राक्षस केला होता. तीन रात्री बसून इतक्या बारीक रेघा मारल्या, की मूळ कागद बघणारे नाकाला लावून बघत. अंकात तो पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठा छापला गेला आणि सगळ्या रेघा मिळून काळा डाग पडला. घरच्यांनी विचारलं, "वटवाघूळ का?" चूक अंकवाल्यांची नव्हती. छापण्याचा आकार आधी विचारायचा, मूळ चित्र त्याच्या दीडपट करायचं, आणि काम चालू असताना मधूनमधून कागद भिंतीला टेकवून आठ-दहा पावलं मागं जाऊन बघायचं, हे मला ठाऊक असूनही मी केलं नव्हतं.

उजेडाचं एकच सांगतो. वीज गेल्यावर हनुवटीखाली टॉर्च धरून धाकट्या भावंडांना घाबरवलं नसेल असं घर महाराष्ट्रात नसेल. तो टॉर्च चित्रात वापरा. उजेड खालून आला की गालाची हाडं उजळतात, कपाळावर भुवयांची सावली उलटी चढते आणि ओळखीचा चेहराही परका होतो. आरशासमोर टॉर्च घेऊन बसा आणि स्वतःचाच चेहरा काढा. यापेक्षा स्वस्त मॉडेल मिळणार नाही.

मॉडेलवरून मुलांच्या पुस्तकांचा चित्रकार मॉरिस सेंडाक आठवतो. त्याला म्हणे मुलांच्या पुस्तकासाठी घोडे काढायचे होते, ते जमेनात. मग त्यानं राक्षस काढले आणि त्यांना लहानपणी घरी येऊन गालगुच्चे घेणाऱ्या आपल्या नातेवाइकांचे चेहरे दिले. ते पुस्तक १९६३ साली आलं आणि अजून जगभर वाचलं जातं. तेव्हा वरातीत नाचणारा तो चुलता आम्ही वर्गात उगाच हसण्यावारी नेला. त्याच्या अंगावरचे काटे आणि पंख काढून नुसता त्याचा चेहरा ठेवला असता, तर कुणास ठाऊक.

दुसऱ्याचा राक्षस कसा बघावा, हे काढण्याइतकंच शिकण्यासारखं आहे. आपण बहुतेक वेळा "बापरे, किती बारीक काम!" म्हणतो आणि पुढं सरकतो. बारीक काम हा कष्टाचा गुण झाला. मी आधी लांबून बघतो: नुसता आकार काही बोलतो का? मग जवळ जाऊन, चित्रावर न टेकवता, हाताच्या पंजानं एक एक भाग झाकतो. शिंगं झाकली तर काही बिघडतं का? पंख झाकले तर? झाकूनही चित्र तसंच राहिलं तर तो भाग भाड्यानं आणलेला होता. हल्ली संगणकाला दोन ओळी सांगितल्या की क्षणात राक्षस तयार होऊन येतो. त्यातले बहुतेक या परीक्षेत पडतात, कारण त्यांना वाढवायला कुणीतरी असतं, काढून घ्यायला कुणी नसतं.

सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी परंपरा बघण्याचा आणखी एक धडा देते. ठाकर समाजातले कलावंत कागदावरच्या चित्रांची पोथी समोर ठेवून, एक एक चित्र उभं करून, गात गात कथा सांगत. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. ही चित्रं रात्री, दिव्याच्या उजेडात, लांब बसलेल्यांना दिसावीत म्हणून केलेली. म्हणून त्यातले चेहरे बाजूनं काढलेले, डोळा मोठा, रेघ ठाम. भिंतीवर फ्रेम करून दिवसाउजेडी बघितलं तर हे राक्षस कुणाला बाळबोध वाटतील. चित्र कुठल्या उजेडात, किती अंतरावरून आणि कोणत्या आवाजासोबत बघायचं होतं, हे विचारल्याशिवाय त्याला नावं ठेवू नयेत.

‘चांदोबा’त विक्रम-वेताळाचं चित्र शंकर या चित्रकारानं वर्षानुवर्षं काढलं. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, पायाखाली स्मशान. लहानपणी ते बघताना भीती कुठून यायची याचा मी मोठेपणी छडा लावला. प्रेत अगदी प्रेतासारखं निर्जीव लोंबतंय आणि आपल्याला माहीत आहे की तेच आता बोलणार आहे. पुढच्या क्षणी काय होईल, हे जे चित्र मनात सुरू करून देतं ते थांबून बघावं. आणि शिंगंदातांवाचूनही अंगावर काटा येतो, हे कोल्हापूरनं सिनेमात केव्हाच दाखवलंय. बाबूराव पेंटरांच्या १९२० सालच्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका अंगावर येणारा झाला होता, की तो सेन्सॉरच्या कात्रीत सापडला. कीचक तर साधा माणूस होता.

लहान मूल राक्षसाचं चित्र घेऊन आलं तर "छान" म्हणू नका आणि "हे काय आहे?" असं तर मुळीच विचारू नका. "हा झोपतो कुठं?" विचारा. "ह्याला कुणाची भीती वाटते?" विचारा. मूल उत्तर द्यायला लागेल, आणि उत्तर देता देता पेन्सिल मागेल.

मागच्या नवरात्रानंतर मी वर्गाला कोल्हासुर काढायला दिला होता. अंबाबाईनं ज्याला मारलं आणि ज्यानं मरताना गावाला आपलं नाव मागून घेतलं अशी कथा आहे, तो. ललितापंचमीला देवीची पालखी टेंबलाईच्या डोंगरावर जाते, तिथं राक्षसाच्या वधाची आठवण म्हणून कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात, आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून लोकांची झुंबड उडते. सगळ्यांनी आपापले राक्षस आणले. शिंगं होती, सुळे होते, एकाचे सहा हात होते. राजारामपुरीच्या गणपतीच्या देखाव्यात शोभतील असे दोन होते. एका मुलीच्या कागदावर मात्र नुसते हात होते. बांगड्यांचे, घड्याळांचे, म्हाताऱ्यांचे, पोरांचे, पन्नासएक तरी असतील, सगळे कागदाच्या मधोमध झेपावलेले, आणि प्रत्येकाच्या मुठीत कोहळ्याचा एक एक फोडलेला तुकडा. मधे पांढरी मोकळी जागा.

मी विचारलं, "अगं, राक्षस कुठाय?"

"फुटला की सर," ती म्हणाली आणि राहिलेल्या एका हाताला नखं काढायला लागली.